चौदा तारखेचा उजेड

१

सतरा नंबरचा कागद नाहीसा झाला आहे, ही गोष्ट स्क्वाड्रन लीडर जनकोजी मोहित्यांना पोलिसांकडून कळली. आपल्याच कपाटातली चोरी दुसऱ्यानं सांगावी, यापरती शोभा नाही.

"शुक्रवारी तुमची एक्केचाळीस नंबरची फाईल मी नेली," टेलिफोनवर सब-इन्स्पेक्टर विजयकुमार सांगत होते. "पोच लिहून दिली आहे, पाहा. पानं एक ते सोळा आणि अठरा ते चोवीस. सतरावं पान तुम्ही मागाहून पाठवाल असं वाटलं होतं. गुरुवारी आढावा समिती बसते आहे, साहेब. त्याच्या आत हवं."

जनकोजींनी रिसीव्हर ठेवला आणि डोळे चोळले. १९६५ सालचा ऑक्टोबर उजाडला होता, लढाई थांबून दहा दिवस झाले होते, पण मद्रासच्या आकाशातले उजेड काही थांबले नव्हते. ब्लॅकआउट सुरू झाल्यापासून ज्याला त्याला वर काहीतरी दिसत होतं. दिसलं की लोक टेलिफोन करत, आणि ते काय होतं हे शोधून सांगणं हे जनकोजींच्या तीन माणसांच्या कचेरीचं काम. समुद्राकडच्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला त्यासाठी मिळाला होता. आतापर्यंत त्रेसष्ट उजेड झाले होते. त्यातला निम्मा शुक्र, बाकी कोळ्यांच्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, उल्का, आपलीच विमानं, मावळतीच्या उन्हात चमकणारे हवामानाचे फुगे. जनकोजी बावन्न वर्षांचे होते. मार्चमध्ये निवृत्ती. रात्री झोप नव्हती, दिवसा डोळ्यांपुढे टाइप केलेल्या ओळी नाचत.

विजयकुमारांनी फाईल परत पाठवली होती. हेडक्लार्क वेंकटरमण राव यांनी ती आणून टेबलावर ठेवली. सोळाच्या मागं सरळ अठरा. पण फाडाफाडी नव्हती. कुणीतरी फाईलची दोरी सोडून एक कागद काढला होता, उरलेल्या पानांच्या कडा एकसारख्या केल्या होत्या आणि पुन्हा नीट गाठ मारली होती.

"सतरा म्हणजे कुठला कागद?"

"चौदा सप्टेंबरचा, सार. त्या रात्री आलेल्या टेलिफोनांचा." वेंकटरमण राव तंजावरकडचे, जनकोजींसारखेच. दोघांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळमध्ये शिरणारी. "यादींत आहे. वीस तारखेस मीच यादी केलों."

"कपाटाची किल्ली?"

"एक तुमच्यापाशी. एक माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यास. दिवसभर तिथंच असते."

म्हणजे कुणीही घेऊ शकत होतं. कचेरीत तिसरी होती टेलिफोन ऑपरेटर विद्युलता, वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याहून आलेली. शिवाय हवामान चौकीवरचा सुंदर रोज सकाळी नकाशा घेऊन येई. आणि फाईल विजयकुमारांच्या ताब्यातही होती.

"विद्युलताबाई, चौदा तारखेला किती टेलिफोन आले होते?"

ती स्विचबोर्डापाशी बसली होती. तिनं वळून पाहिलं, पण जनकोजींकडे नाही, वेंकटरमण रावांकडे.

"कागदावर होते तेवढेच, सर," ती म्हणाली आणि कानावर हेडफोन चढवला.

२

दुपारी सईबाई आली. गेला पंधरवडा ती एक दिवसाआड येऊन जिन्यात बसत होती, हे जनकोजींना त्या दिवशी प्रथमच कळलं.

तिचा नवरा प्रतापसिंह गाडे मद्रासच्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. उजेड टेलिफोननं कळवणाऱ्या स्वयंसेवकांत त्याचं नाव होतं. चौदा तारखेला रात्री आठ एकोणचाळीसला त्यानं गच्चीवरून एक उजेड पाहिला. पश्चिमेकडून आला, डोक्यावरून समुद्राकडे गेला. कोन मोजायची लाकडी पट्टी वाचायला त्यानं लाल फडकं बांधलेली बॅटरी लावली, आणि शेजारच्या भाड्याच्या खोल्यांच्या मॅन्शनमधल्या तिघांनी ती बॅटरी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले. शत्रूच्या बोटींना खुणा केल्या, हा आरोप.

"मामा, तुम्ही आमच्याच गावचे म्हणून कळलं," सईबाई म्हणाली. तिशीची असेल. रडून झालेलं दिसत होतं, आता नुसती सुकली होती. "त्यांनींच टेलिफोन केला, उजेड दिसतो म्हणून. खुणा करणारा माणूस स्वतः टेलिफोन करील कां?"

"पोलीस म्हणतात, संशय टाळायला केला."

"असं म्हणतात कशावरून, तें तरी पाहा."

तिनं पिशवीतून स्थानबद्धतेच्या हुकुमाची प्रत काढली. नवरा तपासायच्या वह्या ज्या पिशवीतून घरी आणी, तिच्यात आता तेवढाच कागद होता. जनकोजींनी वाचायला घेतलं. आकाशात उजेड असता तर मास्तरची गोष्ट खरी ठरली असती. पण हवाई दलाच्या दाखल्यानुसार त्या वेळी तिरुवल्लिकेणीवर विमान नव्हतं, फुगा नव्हता, ग्रह नव्हता. सबब जो उजेड दिसला तो गच्चीवरचाच.

दाखला सोबत जोडलेला होता. तारीख सोळा सप्टेंबर. खाली कचेरीचा शिक्का होता, आणि शिक्क्यावर जनकोजींची स्वतःची सही.

त्यांना ती सही केल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अशा अकरा दाखल्यांवर सह्या केल्या होत्या.

"मामा," सईबाई म्हणाली, "तुम्ही पाहिलांत ना सगळं, मगच सही केलांत ना?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जनकोजी स्वतःच कोडंबाक्कमच्या बाजूला हवामान चौकीवर गेले. जीप मिळाली नाही, बसनं गेले. कंडक्टरनं त्यांच्या गणवेशाकडे पाहून सलाम ठोकला आणि युद्ध कोण जिंकलं म्हणून विचारलं. त्यांनी कोडंबाक्कमचं तिकीट मागितलं.

चौकी म्हणजे एक कौलारू खोली, वारा दाखवणारा काटा आणि तिपाईवर बसवलेली, कोन मोजायची दुर्बीण. चौकीचा माणूस सुंदर, पस्तिशीचा, घराणं तंजावरचं पण तोंडात मराठीपेक्षा तमिळच जास्त. गेल्या आठवड्यात बुधवारपासून रविवारपर्यंत तो तापानं पडून होता. घसा अजून बसलेला होता.

"चौदा तारखेच्या रात्री फुगा सोडला होता का?" जनकोजींनी विचारलं.

"इल्लै, सार. ब्लॅकआउट आल्यावर रात्रीचा फुगा बंद. हुकूम भिंतीस लावलाय, बघा."

हुकूम होता. वरच्या हवेतला वारा मोजायचा तर हायड्रोजनचा फुगा सोडायचा आणि तो कुठे जातो ते दुर्बिणीतून पाहत राहायचं. दिवसा फुगाच दिसतो, रात्री त्याला कागदी कंदील बांधतात, आत मेणबत्ती. ब्लॅकआउटमध्ये असला कंदील आकाशात सोडायला बंदी होती. रात्रीसाठी रेडिओचं यंत्र वापरायचं, असं हुकुमात लिहिलं होतं.

"यंत्र चालतं?"

"ऑगस्टापासून बंद, सार. बंगळूरला धाडलंय."

जनकोजी स्टुलावर बसले. पाय दुखत होते. समोरच्या फळीवर रोजच्या वाऱ्याचे तक्ते रचून ठेवले होते. त्यांनी चौदा सप्टेंबरचा काढला. रात्रीच्या रकान्यात आकडे होते. दोन हजार फुटांवर पश्चिमेचा वारा, चार हजारांवर, सहा हजारांवर, असे थेट अकरा हजारांपर्यंत. तेरा तारखेच्या रात्रीचा रकाना मात्र कोरा होता. बाराचाही.

"सुंदर," ते हळू म्हणाले, "यंत्र बंगळूरला. फुगा बंद. मग चौदाच्या रात्री अकरा हजार फुटांवरचा वारा तुम्ही कशानं मोजलात?"

सुंदरनं बाहेरचं दार लोटून घेतलं.

"वरून तोंडी सांगितलं होतं, सार. विमानं जायची होती, पायलटांना वारा पाहिजे. एकदाच सोड, म्हणाले. आठ तीसला सोडलों. वारा पश्चिमेचा, फुगा समुद्राकडं गेला. तिरुवल्लिकेणी वाटेवरच आहे."

"आणि एक माणूस तीन आठवडे तुरुंगात आहे. तुम्ही गप्प राहिलात."

"तें मला काल कळलं, सार! सत्यम!" सुंदरचा आवाज चिरकला. "आणि मी कुठं लपवलों? लोक घाबरतील म्हणून त्याच वेळेस टेलिफोन केलों की. पावणेनऊस. हा उजेड आमचा आहे म्हणून."

"कुणाला केलात टेलिफोन?"

"तुमच्याच ऑफिसास, सार."

४

विद्युलता डबा उघडून बसली होती. जनकोजी समोर येऊन उभे राहिले तशी तिनं डबा बंद केला.

"चौदा तारखेला दोन टेलिफोन आले," ते म्हणाले. "पहिला गाडे मास्तरांचा. दुसरा सुंदरचा. दोन्ही तुम्ही घेतलेत, दोन्ही एकाच कागदावर लिहिलेत. सतरा नंबरच्या. बरोबर?"

तिचे डोळे भरून आले.

"मी तुम्हाला दोष देत नाही."

"मी लिहिलं होतं, सर. स्वच्छ लिहिलं होतं. 'हवामान चौकीचा फुगा, कंदिलासह, आठ तीस.' सकाळी तुमच्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल." तिनं पदरानं नाक पुसलं. "दाखल्यात काय गेलं ते मला माहीतच नव्हतं. दाखले मी बघत नाही. शनिवारी त्या बाई जिन्यात बसलेल्या, त्यांना मी विचारलं, तेव्हा कळलं. मग मी—"

"मग तुम्ही कुणाला तरी विचारलंत."

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळेना.

"ते म्हणाले, साहेबांच्या भल्यासाठी गप्प बस. सर, माझं नाव नका ना घेऊ."

जनकोजी आपल्या खोलीत आले, दार लावलं आणि डोकं हातांत धरून बसले. आता फारसं शोधायचं उरलं नव्हतं. विजयकुमारांनी शुक्रवारी पोच दिली तेव्हाच सतरावं पान नव्हतं, म्हणजे पोलिसांनी काढलं नाही. काढायचंच असतं तर त्यांनी पोचेत पानांची यादी कशाला लिहिली असती? फाईल पाठवा असं पोलिसांचं पत्र गुरुवारी आलं. त्या दिवशी जनकोजी दौऱ्यावर होते आणि सुंदर तापानं घरी. विद्युलता कचेरीत होती, पण टपाल तिच्या हाती जात नाही. फाईल जाणार हेच तिला ठाऊक नव्हतं. टपाल एकटा माणूस फोडत होता. आणि चोरी करतानाही उरलेल्या पानांच्या कडा जुळवून दोरीची गाठ नीट मारल्याशिवाय ज्याचा हात थांबत नाही, असा माणूसही या मजल्यावर एकच होता.

जनकोजींना राग आला नाही. रागाला लागते तेवढी ताकदसुद्धा त्यांच्यात नव्हती. कागद कुणी काढला ते त्यांना कळलं होतं. तो जाळला असेल तर मात्र प्रतापसिंह गाडे याला आता कुणी सोडवू शकणार नव्हतं. सुंदरनं तोंडी हुकुमाची गोष्ट समितीपुढे सांगितली असती, तर वरच्यांना ती नाकारायला किती वेळ लागला असता?

५

बुधवारी सकाळी वेंकटरमण राव साडेनऊला आले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. जनकोजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. भोवती निकालात निघालेल्या प्रकरणांचे गठ्ठे होते, लाल फडक्यात बांधलेले. प्रत्येकावर वेंकटरमण रावांच्या गोल अक्षरात चिठ्ठी. शुक्र. विमाने. कोळ्यांच्या बत्त्या. उल्का.

"सार, धूळ आहे तिथं. मला सांगायचं."

"राव, तुमची नोकरी किती झाली?"

"एकतीस वर्षं, सार."

"एकतीस वर्षांत एखादा नंबर घातलेला सरकारी कागद जाळलात का कधी?"

वेंकटरमण राव चौकटीला धरून उभे राहिले.

"मलाही तसंच वाटलं," जनकोजी म्हणाले. "तुमच्याच्यानं ते होणार नाही. घरीही नेणार नाही तुम्ही. कागद कचेरीतच असणार. आणि कचेरीत असला तर चुकीच्या जागीही ठेवणार नाही. ज्या जागी तो असायला हवा, तिथंच लावून ठेवाल."

त्यांनी शेवटचा गठ्ठा पुढं ओढला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: फुगे. त्यांनी गाठ सोडली. सगळ्यात वर, तारखेच्या क्रमात, सतरा नंबरचा कागद होता. विद्युलतेचं उभट अक्षर. वर गाडे मास्तरांचा टेलिफोन, खाली सुंदरचा.

वेंकटरमण राव खाली बसले. धोतराची काळजी न करता त्या धुळीत, साहेबांच्या समोर, असे ते आयुष्यात प्रथमच बसत होते.

"चूक माझी, सार," ते म्हणाले. "दाखल्याचा मजकूर ठरलेला. विमान नाहीं, फुगा नाहीं, ग्रह नाहीं. वीसेक वेळां टाइप केलों. बोटंच लिहितात हो, मी न्हवे. चौदाचा दाखला करतांना हा कागद समोर होता. पाहिलों नाहीं. तुमच्यापुढं ठेवलों, तुम्ही सही केलांत. मग गुरुवारीं पोलिसांचं पत्र आलं, फाईल लावतांना वाचलों तर..." त्यांनी हातांनी तोंड झाकलं. "तुम्हांस पांच महिने उरलेत. खोटा दाखला म्हणून कोर्ट-मार्शल करतील, पेन्शन जाईल. मला वाटलं, समिती त्या मास्तरास तसाही सोडेल. लढाई संपली. सोडतील."

"आणि न सोडला तर?"

वेंकटरमण राव सोडलेल्या गठ्ठ्याच्या कडा जुळवू लागले.

"टाइपरायटरवर कागद चढवा," अखेर जनकोजी उठत म्हणाले. गुडघे वाजले. "सोळा सप्टेंबरचा दाखला चुकीचा आहे. आमच्या नोंदीनुसार त्या वेळी आकाशात हवामान चौकीचा फुगा होता. गाडे यांनी कळवलेला उजेड खरा होता. दाखल्यावर मी नोंद न वाचता सही केली. जबाबदारी माझी. सतरा नंबरचा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात मिळाला, तो सोबत जोडला आहे."

वेंकटरमण रावांनी टाइप केलं. एकेक शब्द थांबून, वाचून. जनकोजींनी तीन वेळा वाचलं आणि सही केली. मग वेंकटरमण रावांनी दुसरा कागद चढवला.

"तो कशाला?"

"माझा, सार. कागद गठ्ठ्यांत आपोआप गेला नाहीं. मी नेलों. तेंही गेलं पाहिजे."

"राव, त्याची गरज नाही."

"एकदां कागद वाचल्याशिवाय तुमच्यासाठीं टाइप केलों," ते म्हणाले. "आतां न सांगतां टाइप करतों. करूं द्या."

६

गुरुवारी समिती बसली. दोन्ही कागद विजयकुमारांनी स्वतः वाचून दाखवले. तोंडी हुकूम कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी सुटकेचा हुकूम निघाला.

जनकोजींना तुरुंगाच्या दारात जायचं कारण नव्हतं. त्यांच्यावर चौकशी बसली होती, सोमवारी दिल्लीहून दोन अधिकारी येणार होते. वेंकटरमण रावांना त्याच दिवशी निलंबित केलं होतं. जाताना ते कपाटाची किल्ली विद्युलतेच्या हाती देऊन, पोच लिहून घेऊन गेले. तरीही जनकोजी गेले. सईबाई आधीच येऊन भिंतीच्या सावलीत उभी होती. तिनं त्यांना पाहिलं, पण जवळ आली नाही.

तीनच्या सुमारास धाकटं दार उघडून प्रतापसिंह गाडे बाहेर आला. उंच, वाकलेला, दाढी वाढलेली. सईबाईनं त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं. काहीतरी बोलली, जनकोजींकडे बोट केलं. तो सरळ त्यांच्यासमोर आला.

"काय होतं तें?" त्यानं विचारलं.

"फुगा. वारा मोजायचा. त्याला कागदी कंदील बांधला होता. आत मेणबत्ती."

"मेणबत्ती." तो क्षणभर हसल्यासारखा झाला. "मी उपग्रह असेल म्हणून समजलों होतों. उंच किती होता?"

"तुम्ही पाहिलात तेव्हा साडेचार हजार फूट. पुढं अकरा हजारांपर्यंत दिसला, मग ढगात गेला."

प्रतापसिंहानं मान डोलावली. वर्गात एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवावी तशी. मग तो थांबला.

"तुमच्या ऑफिसांत हें केव्हां कळलं?"

जनकोजींना खोटं बोलता आलं असतं. या आठवड्यात, म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटं झालं नसतं.

"चौदा तारखेलाच," ते म्हणाले. "रात्री पावणेनऊला. लिहून माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. मी वाचलं नाही."

"वाचायला किती वेळ लागला असता?"

"एखादं मिनिट."

सईबाईनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. रस्त्यापलीकडे सायकलरिक्षा थांबवली होती. तो तिच्याबरोबर चार पावलं गेला आणि पुन्हा वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. फार दमलेल्या माणसाचा आवाज होता तो, जनकोजींच्या आवाजासारखाच.

"दाखल्याची प्रत मला आंत दिली होती," तो म्हणाला. "तेवीस दिवस तेवढाच कागद होता वाचायला. सही मात्र कधी वाचतां आली नाहीं. खालीं नांव नव्हतं, नुसता शिक्का. नांव काय तुमचं?"

"जनकोजी मोहिते."

"मोहिते," प्रतापसिंह म्हणाला. ती सही अजून डोळ्यांसमोर असावी तसा तो पुटपुटत तिची अक्षरं लावत राहिला. मग मान हलवून, बायकोचा हात धरून, रिक्षाकडे चालू लागला.